अप गेली, डाऊन कवा?

शेवगावात रेल्वे नाही, पण अपडाऊन आहे. घर इथं आणि नोकरी नगरला, किंवा बिऱ्हाड नगरला आणि हजेरीपट इथं, अशी मंडळी सकाळी एसटी स्टँडावर हमखास भेटतात. (मुख्यालयी राहण्याचा आदेशही त्यांच्या डब्याच्या पिशवीतच असतो. पोळ्या गुंडाळायला कागद बरा.) तेव्हा अप म्हणजे गेलेली आणि डाऊन म्हणजे परत येणारी, एवढं इंग्रजी इथं कुणालाही येतं.

नोव्हेंबर 2025 मधली गोष्ट. लाडक्या बहिणींच्या ई-केवायसीची मुदत संपायला चार दिवस उरलेले. आम्ही दुसऱ्याच एका दाखल्यासाठी रांगेत होतो आणि आमच्या पुढं एक मावशी. त्यांचा ओटीपी आला. मग नवऱ्याचा हवा. नवऱ्याच्या आधारला जोडलेला मोबाइल थोरल्याकडं, थोरला पुण्याला कामावर. त्यानं फोन उचलून सहा आकडे सांगेस्तोवर ते आकडे शिळे झाले. खिडकीतल्या पोरानं घड्याळाकडं पाहिलं.

"मावशी, टाइम अप झाला."

"अप गेली का? मग डाऊन कवा हाय?"

रांग हसली. पोरगं हसलं नाही, कारण त्याला उत्तर माहीत होतं आणि ते सांगायचा अधिकार नव्हता.

मुळात हा टाइम 'अप' का होतो, हे कोडंच आहे. आपल्याकडं वर जातो तो माणूस. वेळ खाली जाते. तांब्याचं बारीक भोकाचं घटिकापात्र पाण्यावर सोडायचं. 24 मिनिटांत ते भरायचं आणि बुडायचं. घटका भरली! मुहूर्त गाठायचा तो या बुडण्यावर. भास्कराचार्यांच्या लीलावतीची दंतकथा प्रसिद्धच आहे. लग्नाची घटका मोजायला ठेवलेल्या पात्रात तिच्या दागिन्यातला मोती पडला, भोक बुजलं, पात्र बुडेना आणि मुहूर्त निघून गेला.

आमच्या सरकारनं ही कथा मन लावून वाचलेली दिसते. फरक इतकाच, की पात्रात मोती आपोआप पडायची वाट इथं कुणी पाहत नाही. परिपत्रक सोडलं की भोक बुजतं. गाड्यांच्या नव्या नंबरप्लेटचं पात्र 31 मार्च 2025 ला बुडायचं होतं. ते 30 एप्रिलला बुडेना, 30 जूनला बुडेना, 15 ऑगस्टला झेंड्याला सलाम करून पुढं तरंगलं, ते 30 नोव्हेंबर आणि तिथून 31 डिसेंबर. ज्यानं मार्चमध्येच धावपळ करून प्लेट बसवली, त्याच्याकडं गल्लीत अजून दयेनं पाहतात. शहाण्यासारखा थांबला असता, तर नऊ महिने जुनी प्लेट मिरवता आली असती!

आमच्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. सदस्य अप गेले, प्रशासक बसले. डाऊनची वाट पाहता पाहता तीन वर्षं उलटली. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्यातल्या स्थानिक निवडणुका चार महिन्यांत उरका म्हणून सांगितलं. चार महिने सरल्यावर 31 जानेवारी 2026 पर्यंत मुदत मिळाली. साहेबांनीच मागितली होती. साहेबांना मागता येते. मावशींनी चार मिनिटं मागितली असती तर शटर खाली आलं असतं, कारण टाइम अप होतो तो खिडकीच्या बाहेरच्या बाजूला. आतल्या बाजूला त्याच गोष्टीला प्रशासकीय कारणास्तव म्हणतात.

असो. ई-केवायसीची 18 नोव्हेंबरची मुदत यथावकाश 31 डिसेंबरवर गेली. आमचा दाखलाही त्याच वेगानं पिकत होता, म्हणून पुन्हा रांगेत उभे. पुढं मावशी. या वेळी पुण्याच्या थोरल्याला फोन चालू ठेवायला लावलेला. "ठिवू नको रं, ठिवू नको" असं त्याला मधून मधून बजावणं चाललेलं. नंबर आला. मावशींनी आधार कार्ड सरकवलं. पोरानं दोनदा बटण दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं आणि मान हलवली.

"मावशी, सर्व्हर डाऊन आहे."

मावशींनी पिशवी उचलली, पदर खोचला.

"आली म्हणायची एकदाची! कुठल्या फलाटाला लागली?"