वहीला शॉक लागत नाही

आमच्या निपाणीत कोळसा तीन ठिकाणी सापडतो. इस्त्रीवाल्याकडे, कणसं भाजणाऱ्याच्या शेगडीत आणि अर्थिंगच्या खड्ड्यात. तिसऱ्या कोळशाला सोबत मीठ लागतं आणि वरून पाणी. पाणी कधी घातलं, तपासणी कधी झाली, ती तारीख शेजारच्या पाटीवर लिहायची असते. माझा अनुभव असा, की खड्डा बारमाही कोरडा आणि पाटीवरचा रंग मात्र ओला.

एवढ्या भांडवलावर कोळसा खाणीतल्या विजेच्या नोंदवह्यांवर लिहायला बसलोय, म्हणून हसू नका. आपला एका कोळसा खाणीशी जवळचा संबंध आहे. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती तालुक्यात बरांज नावाचं गाव आहे. तिथली कोळशाची उघडी खाण कर्नाटक सरकारच्या वीज महामंडळाकडे आहे. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने देशभरातले अनेक कोळशाचे खाणपट्टे रद्द केले, त्यात हीही गेली. फेरवाटपात परत कर्नाटकालाच मिळाली. म्हणजे १९५६ पासून आम्ही ‘बेळगाव, निपाणीसह’ म्हणत घसा सुकवतोय, २००४ पासून सीमाप्रश्नाचा खटला सुप्रीम कोर्टात आहे, आणि तिकडे महाराष्ट्राची जमीन वाघिणीत बसून गुपचूप कर्नाटकात येते. सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर पुढारी अडवतात. कोळसा अडवल्याचं ऐकिवात नाही.

गंमत पुढेच आहे. खाण कर्नाटकाची, जमीन महाराष्ट्राची आणि खाणीतल्या विजेची सुरक्षा तपासणारं खातं केंद्राचं, धनबादचं. सीमाप्रश्नाला इतकं सुटसुटीत उत्तर महाजन आयोगालाही सुचलं नाही.

तर खाणीत विजेची एक रोजची नोंद असते, लॉगशीट. कुठली केबल सोलली, कुठे ठिणगी उडाली, कुठला रिले पडला, ते लिहायचं आणि खाली सही करायची. भूमिगत खाणीत हवेतला ज्वलनशील वायू सव्वा टक्क्याच्या वर गेला, की वीज तोडायची. तोडली ते लिहायचं, जोडली तेही लिहायचं. मिथेन हवेत पाच ते पंधरा टक्के झाला की एका ठिणगीची वाट बघत बसतो, म्हणून सव्वालाच हात स्विचवर. आपल्याकडे सव्वा रुपया देवाला ठेवतात. खाणीत सव्वा टक्का यमाला.

तिथले स्विच बसतात फ्लेमप्रूफ पेटीत. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीवाल्याला हे चटकन कळेल. पेटीत वायू शिरत नाही असं नाही. शिरतो, आत पेटतोसुद्धा. पण पेटीच्या दोन घासून बसवलेल्या तोंडांमधल्या बारीक फटीतून बाहेर पडताना ज्वाला निवते. एक बोल्ट गायब झाला की फट वाढली आणि त्या महागड्या पेटीचा झाला डबा. बोल्ट गेल्याचं पुढच्या पाळीला सांगणार कोण? वही.

अशी एक वही मी आमच्याच भागातल्या एका कारखान्यात पाहिली. खाण नव्हती, पण वायरमन होता. अक्षर मोत्यासारखं, बारा महिने एकच शाई, इन्सुलेशनचा आकडाही बारा महिने तोच. दिवसभर वीज नव्हती त्या तारखेलाही ४१५ व्होल्ट.

“वीज नसताना ४१५?” मी विचारलं.

“रिकामं सोडलं तर साहेब विचारतोय की, रिकामं का म्हणून,” तो म्हणाला. “भरल्याल्याला कोण विचारतंय?”

“आणि इन्सुलेशन मोजायचा मेगर कुठाय?”

मेगर कपाटात होता. त्याच्यावर हळद-कुंकू होतं. वर्षातून एकदा त्याला हात लागतो, खंडेनवमीला.

हे फक्त आपलंच, असं वाटून मान खाली घालू नका. १९१३ साली वेल्समधल्या सेंगेनिड गावच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन ४३९ कामगार गेले. ठिणगी बहुधा विजेच्या सिग्नलच्या उपकरणातली. खटल्यात मॅनेजरला २४ पौंड दंड झाला. गुन्ह्यांत एक होता खाणीतल्या हवेच्या नोंदी नीट न ठेवणं. तिथल्या एका वर्तमानपत्राने शांतपणे भागाकार करून मथळा दिला, खाणकामगाराचा जीव एक शिलिंग सव्वा पेनीला. इथेही सव्वा आहेच. फरक इतकाच, की त्या मॅनेजरने वही अपुरी ठेवली म्हणून तो सापडला. आमच्या वायरमनची वही इतकी पुरी आहे, की तो कधीच सापडणार नाही. सापडेल तो पुढच्या पाळीचा माणूस, पॅनेलपाशी.

जागेवर एक आणि कागदावर दुसरं असलं की काय होतं, हे निदान आम्हा सीमाभागातल्यांना शिकवायला नको. ८६५ गावांच्या तीन पिढ्या तेच भोगतायत. दिल्लीतला तो कागद दुरुस्त करणं तुमच्या-माझ्या हातात नाही, कारखान्यातला आहे. उद्या कामावर गेलात की वही उघडा आणि वीज गेली होती तो दिवस शोधा. तिथे ‘वीज नव्हती’ असं लिहिलेलं असेल, तर त्या वायरमनला चहा पाजा. ४१५ लिहिलेलं असेल, तर कुठल्याही स्विचला हात लावू नका. आणि बाहेर पडताना अर्थिंगच्या खड्ड्यात एक घागर पाणी ओता. पाटी मागाहून रंगवा.