कुटुंबवत्सल करदाता

जानेवारी आला की पगारदार माणसाला घरच्यांविषयी प्रेमाचं भरतं येतं. ऑफिसात कर वाचवणाऱ्या गुंतवणुकीचे पुरावे मागायला सुरुवात होते आणि एरवी 'माझा चार्जर कुणी नेला?' एवढ्यावरच संवाद आटोपणारा माझ्यासारखा बाप मुलांच्या फीच्या पावत्या छातीशी धरून हिंडू लागतो. 2022-23 साली मी जुन्या करप्रणालीत होतो, त्यामुळे माझं वात्सल्य अगदी कलमवार जागं झालं.

पहिला मान मुलांचा. पगारातल्या शिक्षण भत्त्यावर करमाफी असते, असं कळलं. किती? दर मुलामागे महिन्याला 100 रुपये, तीही दोनच मुलांपर्यंत. एवढ्या पैशांच्या पेन्सिली आमचे चिरंजीव नुसत्या चावून संपवतात. मग फीच्या पावत्या काढल्या. कलम 80-सीला चालते ती फक्त ट्यूशन फी. विकास निधी, बस, स्नेहसंमेलन या गर्दीतून शिकवण्याचे पैसे शोधून काढेपर्यंत लक्षात आलं, की दीड लाखाची मर्यादा पीएफ आणि गृहकर्जाच्या मुद्दलानेच भरून गेली आहे.

मोर्चा सासूबाईंकडे वळवला. ''आपण त्यांच्या आरोग्यविम्याचा हप्ता भरतो ना?'' मी बायकोला विचारलं.

''आपण नाही, मी भरते. आणि 80-डीमध्ये आईवडील येतात, सासूसासरे नाही. वजावट मी घेऊन झालीय.''

राहिले बाबा. इथे मात्र कायदा माझ्या बाजूने होता. 80-डीसाठी आईवडील आपल्यावर अवलंबून असलेच पाहिजेत असं नाही. साठी ओलांडलेल्या पालकांच्या विम्यावर 50 हजारांपर्यंत वजावट मिळते. अट एकच, हप्ता आपण भरायचा आणि तोही रोख नाही.

''बाबा, तुमचा हप्ता?''

''भरला की पेन्शनमधून.''

''तो मी भरला असं दाखवलं तर?''

बँकेत जन्म काढलेल्या बाबांनी, सही न जुळणाऱ्या चेककडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. ''ज्याचं खातं, त्याची वजावट,'' एवढंच बोलून ते फाइल घ्यायला उठले. ''चल, सीएकडे मलाही यायचंच आहे.''

त्यांची फाइल तारीखवार लावलेली होती. स्वतःचा आणि आईचा विमा 80-डीत, ठेवींच्या व्याजावरचे 50 हजार 80-टीटीबीत. सीए खूश झाले. माझी प्लास्टिकची पिशवी त्यांनी बोटाने बाजूला सरकवली.

''एक विचारू?'' बाबा म्हणाले. ''पुढच्या वर्षी ह्याच्या विम्याचा हप्ता मी भरला तर?''

''मूल तुमच्यावर अवलंबून असेल तर वजावट मिळते. पण हे तर कमावते आहेत!''

बाबांनी फाइलीचा मागचा कप्पा उघडला. विजेची बिलं, सोसायटीचा मेंटेनन्स, दूधवाल्याचा हिशेब, माझ्या गाडीचा विमा. सगळं त्यांच्याच खात्यातून गेलेलं. सीए एकेक कागद गंभीरपणे चाळत गेले आणि शेवटी माझ्याकडे वळले.

''तुमच्याकडे ह्याच्याविरुद्ध काही पुरावा आहे?''

मी ताठ मानेने पगाराची स्लिप पुढे केली. बाबांनी ती चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचली आणि सीएंच्या हातात दिली.

''हीसुद्धा माझ्याच फाइलीला लावा.''