उलटतपासणी

तुमच्याही नात्यात असा एक माणूस असणार. सहलीला निघतानाच तो बजावतो, "दुकानात कोणी काही घ्यायचं नाही हं, आपण थेट कारागिराकडे जाऊ." मग जेवणाची वेळ टळते, मुलं रडकुंडीला येतात, गाडी एका बोळात अडकते आणि बोळाच्या टोकाला हा माणूस एखाद्या ओट्यावर मांडी ठोकून बसलेला सापडतो. समोर कारागीर, हातात वस्तू, आणि वस्तू उलटी धरलेली.

आमच्याकडे हे पद साडूंकडे आहे. माझी बायको त्यांना भावजी म्हणते. तिची थोरली बहीण, म्हणजे आमच्या ताई, त्यांना काय म्हणतात ते कोल्हापूरच्या प्रसंगात येईलच.

समोरून वस्तू कशी दिसते यात साडूंना रस नसतो. "समोरून सगळेच चांगले दिसतात," असं ते म्हणतात आणि का कोण जाणे, माझ्याकडे बघतात. पिंपरीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शन खात्यात त्यांची हयात गेली. लाईनवरून आलेला पार्ट उचलायचा, उलटा करायचा, भिंगाखाली धरायचा, गेज लावायचं, पास किंवा रिजेक्ट. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी गेज स्टोअरमध्ये जमा केलं, पण हात जमा करून घ्यायची सोय कारखान्यात नसावी. त्यामुळे हॉटेलात थालीपीठ आलं की आधी उलटं होतं. आमच्या घरच्या वास्तुशांतीला आहेरातलं चांदीचं ताम्हन उलटं झालं आणि शिक्का बघून साडूंनी नुसतंच "असू दे" म्हटलं. आहेर माझ्या सख्ख्या काकांचा होता आणि काका शेजारीच बसले होते. मुलीच्या स्थळासाठी गेले तेव्हा तिथला कप त्यांना आवडला, म्हणून कंपनी कुठली ते बघायला त्यांनी तो उलटा केला. कपात चहा होता. लग्न जमलं, ते मुलगा समंजस म्हणून.

सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळं मिळतात. केळी, आंबे, सीताफळं, कलिंगडाच्या फोडी. लांबून माशीही फसेल अशी. लोक परडीभर फळं घेतात, मोती तलावाकाठी फोटो काढतात आणि गोव्याच्या रस्त्याला लागतात. साडूंनी एक पेरू उचलून उलटा केला, तळहातावर तोलला आणि विचारलं, "पांगारा का?"

"पांगाराच."

"मग एवढा जड कसा?"

पांगाऱ्याचं लाकूड हलकं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. दुकानदाराने मुकाट्याने तो पेरू काढून घेतला आणि आतून दुसरा आणला. अर्थातच तोही उलटा झाला. खऱ्या पेरूच्या बुडाशी वाळलेल्या फुलाची बारीक टोपी असते ना, ती रंगवणाऱ्याने तपकिरी रंगात, कडा जरा फाटल्यासारख्या दाखवून काढली होती. कपाटात ठेवल्यावर ती कुणालाही दिसणार नव्हती. साडू इतके खूश झाले की त्यांनी तो पेरू विकत घेऊन मला भेट दिला. आमच्याकडे तो शोकेसमध्ये आहे, उलटा. सुलटा ठेवलेला त्यांना चालत नाही.

त्याच दुपारी राजवाडा. दरबार हॉलमध्ये गंजिफा रंगवणारे कलाकार बसतात. ही कला संपत आली होती. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी जुन्या चितारी मंडळींना हाताशी धरून ती परत उभी केली. पत्ते गोल. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतार, एकेकाची बारा पानं, एकूण एकशेवीस. साडूंनी एकशेवीसच्या एकशेवीस पानं उलटी केली.

"अहो, पत्त्यांची मागची बाजू सारखीच असते," मी म्हटलं, "नाहीतर खेळायचं कसं?"

"सारखीच आहे का, तेच बघतोय."

एका पानाच्या मागच्या रंगावर त्यांना ब्रशचा एक केस चिकटलेला सापडला. "हाताचं काम!" ते एवढ्या मोठ्याने म्हणाले की पहारेकरी आत आला. संच घेतला. त्याने खेळता येत नाही, कारण केस चिकटलेलं पान मत्स्याचं आहे हे आता सगळ्या घराला माहीत आहे.

कोल्हापूर. घरात चप्पल उलटी पडली की भांडण होतं, हे आपल्या सगळ्यांच्या आज्यांनी सांगून ठेवलंय. साडूंनी चप्पल लाईनमधल्या एका दुकानात सात जोड गादीवर उलटे मांडले. कोल्हापुरीत खिळा नसतो, तळ चामड्याच्याच वादीने शिवतात. ती वादी टाचेपाशी कशी वळवलीय यावरून शिवणाऱ्याचा हात कळतो, असं त्यांचं मत. मग त्यांनी एकेक चप्पल नाकाला लावली. कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असलं की त्याला एक तुरट वास येतो, आणि रसायनात कमावलेलं असलं की येत नाही. दुकानदार बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "काका, पायात घालणार काय नाकात?"

ताईंचा चेहरा तोवर लाल झाला होता. "एवढी उलटंसुलटं करून बघायची हौस होती या मेल्या माणसाला," त्या म्हणाल्या, "तर लग्नाच्या वेळी कुठे गेली होती?"

"तेव्हा मी इन्स्पेक्शनला लागलो नव्हतो," साडू तळावरची नजर न काढता म्हणाले.

आज्या खोटं बोलत नसत. त्या संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खाताना दोघं दोन बाकांवर बसले होते.

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्रादाची मुलं कोल्हापुरीसारख्या चपला घालून चालली आणि कोल्हापूरचं नाव कुणी घेतलं नाही, म्हणून इकडे गदारोळ उठला. मागाहून कंपनीने प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य केलं. त्या गदारोळात एका रात्री साडूंचा फोन आला. आधी त्यांनी २०१९ च्या भौगोलिक मानांकनाचे आठही जिल्हे, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार, मला नावानिशी ऐकवले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "सगळे व्हिडिओ बघितले. तळ कुठेच दाखवलेला नाही."

"चालताना तळ कसा दाखवणार?"

"म्हणजेच बघा."

पिंगुळीला चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ झाला. सगळी मंडळी पडद्यासमोर बसली, साडू पडद्यामागे. त्याबद्दल अधिक लिहीत नाही. रावणाच्या सावलीच्या शेजारी शेवटपर्यंत एक टक्कल दिसत होतं एवढंच.

त्यांची खरी पंचाईत झाली ती कच्छमध्ये. भुजजवळ अजरखपूर नावाचं गाव आहे. धमडक्याचे खत्री लोक पिढ्यान्‌पिढ्या अजरख छापत आले. २००१ च्या भूकंपानंतर धमडक्याच्या पाण्याने दगा दिला. नीळ आणि मंजिष्ठेचा रंग पाण्यावर खुलतो नाहीतर बिघडतो, म्हणून बऱ्याच घरांनी हे नवं गाव वसवलं आणि त्याला आपल्या कामाचंच नाव दिलं. कापड धुवायचं, चुन्याचा छाप, नीळ, परत धुवायचं, परत छाप, परत रंग. एक तागा व्हायला पंधरवडा सहज जातो. हे सगळं साडूंनी हौदाच्या काठावर उकिडवं बसून ऐकलं, पाणी ओंजळीत घेऊन बघितलं. मग छापणाऱ्याने त्यांच्या हातात एक शाल दिली. साडूंनी ती उलटी केली. तेवढीच गडद, तेवढीच नेमकी. त्यांना वाटलं, आपण चुकून सुलटीच बाजू बघतोय. परत उलटली. परत तेच. असं चार-पाच वेळा झालं. ती दोन्ही बाजूंनी छापलेली शाल होती, छापावर छाप बरोबर बसवून. उलटी कुठली हेच ठरेना, तेव्हा या माणसाचा चेहरा असा झाला की आम्हाला वाटलं यांना चक्कर येतेय. छापणाऱ्याने मोढा पुढे केला आणि म्हणाला, "बैठो काका, सब के साथ होता है." सगळ्यांचं होत नाही हो. आमचं काही झालं नाही. आम्ही रंग बघितला, किंमत विचारली आणि गाडीत जाऊन बसलो.

परतीच्या वाटेवर बायकोने माझ्या कानात सांगितलं की कारखान्यातल्या शेवटच्या वर्षी साडूंच्या टेबलाशेजारी एक कॅमेरा बसवला होता. पार्ट पट्ट्यावरून जाताना तो दोन्ही बाजू एकदम बघतो, उलटा करावा लागत नाही. ही गोष्ट साडूंनी आम्हाला कधी सांगितलेली नाही. तिला ताईंनी सांगितली होती.

आता गोव्याचं सांगतो. तिथे एका जुन्या पोर्तुगीज धाटणीच्या घरात एक बुटीक आहे. आत गवती चहाचा वास, एसी, मंद गिटार, आणि टेबलावर लाल चौकडीची उशीची कव्हरं. कुणबी बायका शेतात नेसायच्या त्या साडीची ही चौकड. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती साडी विस्मरणातून बाहेर काढली, त्यानंतर तिला बरे दिवस आले, आणि बरे दिवस आले की बुटीक येतं. प्रत्येक कव्हराला जाड हातकागदाचं लेबल, त्यावर इंग्रजीत कारागिराची गोष्ट आणि सुरकुतलेल्या दोन हातांचा फोटो. अशा लेबलांवर नेहमी हातच असतात. यांचे कारागीर मनगटापासून पुढेच जन्माला येत असावेत.

साडूंनी कव्हर उलटं केलं. विणलेली चौकड दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. ही मागून फिकट होती.

"हे छापील आहे," ते म्हणाले.

"अंकल, प्लीज, तो डिस्प्ले पीस आहे," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"विणलं कुणी?"

"आमचं वीव्हर्स क्लस्टर आहे, अंकल."

"कुठल्या गावचं?"

"क्लस्टरचं."

साडूंनी लेबलही उलटं केलं. मागे बारकोड होता आणि खाली बारीक अक्षरांत, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. त्यांनी ते लेबल मुलीला वाचून दाखवलं, अगदी सौम्यपणे. मला तर तिचीच दया आली. ताईंनी मात्र हट्टाने दोन कव्हरं घेतली. दिवाणखान्यात छान दिसतात. साडू येताजाता ती पलटून ठेवतात, फिकट बाजू पाहुण्यांकडे करून.

या माणसाबद्दल चार बरे शब्द लिहायचा माझा विचार नव्हता. पण येवल्याला मीही होतो, त्यामुळे इलाज नाही.

विणकराचं घर. पुढच्या खोलीत माग, मागावर अर्धा पदर, त्यात बांगडी-मोर. शंभरेक बारीक कांड्या रेशमाच्या, एकेका रंगाची एकेक, लावलेल्या होत्या. हाताने एक धागा दुसऱ्याला अडकवायचा, ठोकायचा, पुढचा. तासाभराच्या कामात मोराचा पाय झाला. विणकराने एक पुरी झालेली पैठणी आणून पसरली तेव्हा साडूंनी पदर उलटा केला. जॅकार्डच्या पैठणीला मागे सुटे धागे कापलेले दिसतात. इथे मागेही मोरच होता, तोच डोळा, तीच चोच, फक्त तोंड दुसरीकडे. विणकराने आत हाक मारली, "चहा टाक गं." आम्ही अर्धा तास तिथे होतो, तोवर कुणी चहाचं नाव काढलं नव्हतं.

मग ताई म्हणाल्या, "आता भाव तरी नीट करा."

साडूंनी खिशातून एक चिटोरं काढलं. विणकराला विचारून आकडे मांडले: किती महिने लागले, घरातली किती माणसं बसली, रेशीम केवढ्याचं, जर केवढ्याची. वजाबाकी, मग भागाकार. एका माणसाची दिवसाची कमाई. त्याखाली रेघ मारली आणि कागद ताईंना दिला. "यातून किती कमी करू, सांगा."

ताईंनी वाचला आणि माझ्या बायकोकडे दिला, तिने माझ्याकडे. मी तो उलटा केला. पुढच्या बाजूला सकाळच्या पेट्रोलची पावती होती. पेट्रोलचा आकडा मोठा होता. पाच पट तरी.

ताईंनी पर्स उघडली आणि सांगितलेली रक्कम मोजून दिली. साडू तेवढ्यात मागाच्या खड्ड्यात वाकून खालून पदर बघत होते आणि विणकराचा पोरगा त्यांना मोबाईलचा टॉर्च धरून होता.

दिवाळीला आम्हाला बँकेचे आणि मिठाईवाल्यांचे मेसेज येतात. साडूंना चितारआळीतून फोन येतो, अजरखपूरहून येतो, येवल्याच्या पोराचा येतो. पोरगा मागावर बसत नाही, नाशिकला मोबाईलच्या दुकानात आहे, पण नव्या पदराच्या मागच्या बाजूचा फोटो वडिलांकडून मागवून साडूंना पाठवतो. समोरचा पाठवत नाही. साडू तो मोठा करून बघतात, चुकीचा धागा शोधतात, सापडत नाही, आणि त्या दिवशी ताईंशी जरा बरं बोलतात.

आता बिदरचं निघालंय. जस्त-तांब्याचं भांडं, त्यात ठोकून बसवलेली चांदीची तार आणि किल्ल्यातल्या मातीने आणलेला काळा रंग. साडूंना ती माती बघायचीय. ताईंची अट आहे की भांडी उलटी करायची नाहीत. काळा रंग बुडापर्यंत सारखा उतरलाय की नाही हे बघितल्याशिवाय पैसे द्यायचे कसे, असा साडूंचा सवाल आहे. दोन्ही बाजूंची बोलणी माझ्या बायकोमार्फत चालू आहेत आणि अजून निकाल लागलेला नाही. चौघांची तिकिटं मी कालच काढून टाकली.