कलिंग : वाक्यात उपयोग करा

मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही ‘कलिंग’ हा शब्द द्या आणि वाक्यात उपयोग करायला सांगा. वाक्य ठरलेलं आहे: सम्राट अशोकाने कलिंगावर स्वारी केली. फार तर दुसरं येईल: कलिंगच्या युद्धानंतर अशोकाचं हृदयपरिवर्तन झालं. दोन्हीकडे नायक अशोक. माणसं मेली कलिंगची आणि वाक्य मात्र अशोकाचं. मला हे व्याकरण मान्य नाही.

मेली किती, ते खुद्द अशोकाने १३व्या शिलालेखात कोरून ठेवलं आहे. राज्याभिषेकाला ८ वर्षं झाल्यावर कलिंग जिंकलं. दीड लाख माणसं तिथून हलवली, १ लाख मारली गेली, आणि त्याच्या कितीतरी पट मेली. जिंकलेल्या राजाने आपल्याच विजयाचा असा हिशेब मांडावा, ही जगाच्या इतिहासात दुर्मीळ गोष्ट आहे. अशोकाचं ते मोठेपण कुणी काढून घेऊ नये. पण त्या लेखात कलिंगच्या राजाचं नाव नाही. आणि तो पश्चात्ताप कोरला कुठे? गिरनारला, कालसीला, थेट शाहबाजगढीला. जिथे रक्त सांडलं त्या कलिंगात, म्हणजे आजच्या ओडिशात, धौली आणि जौगढला, ११ ते १३ हे तीन लेख गाळले आणि दोन वेगळे घातले. सगळी माणसं माझी लेकरं आहेत, अधिकाऱ्यांनी कुणाला विनाकारण डांबू नये, छळू नये, असं त्यांत आहे. आज्ञा चांगल्याच आहेत. पण ज्यांची माफी मागायची, त्यांच्याच दारात माफी नाही. वर्गात हृदयपरिवर्तन शिकवताना हेही सांगितलंच पाहिजे.

बरं, कलिंगला स्वतःचं वाक्य नाही असं थोडंच आहे? भुवनेश्वरजवळ उदयगिरीच्या हाथीगुंफेत तब्बल १७ ओळी आहेत, प्राकृत भाषेत, ब्राह्मी लिपीत. कर्ता कलिंगचा राजा खारवेल. पहिल्या वर्षी त्याने वादळाने मोडलेली राजधानीची वेस आणि तट दुरुस्त केला. दुसऱ्या वर्षी सातकर्णीची पर्वा न करता पश्चिमेला फौज धाडली. सातकर्णी म्हणजे आपल्या नाणेघाटातल्या सातवाहनांच्या घराण्यातलं नाव! पाचव्या वर्षी नंद राजाने खोदलेला कालवा राजधानीपर्यंत आणला. बाराव्या वर्षी मगधावर चालून गेला आणि नंदाने नेलेली कलिंगची जिनमूर्ती परत आणली. लेखाच्या बऱ्याच ओळी झिजल्यात, काळावरून विद्वानांत वाद आहेत. तरी एवढं वाचता येतं. अशोकानंतरही कलिंग उभं होतं, लढत होतं, बांधत होतं.

समुद्रापलीकडेही हे नाव पोहोचलं. मलय भाषेत भारतातून आलेल्या माणसाला ‘केलिंग’ म्हणत. ते ‘कलिंग’वरूनच आलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पेनांगच्या जॉर्ज टाउनमधली जुनी मशीद आजही ‘कपितान केलिंग’ याच नावाची आहे. पुढे तोच शब्द मलेशियात शिवीसारखा वापरला जाऊ लागला आणि तिथल्या भारतीयांना तो लागतो. लागणारच. ज्या नावाने गलबतं ओळखली जात होती, त्या नावाने आता माणसाला हिणवलं जातं. कटकला कार्तिक पौर्णिमेला महानदीच्या काठी बालीयात्रा भरते, लोक पाण्यात लहान नावा सोडतात. जावा-बालीकडे जाणाऱ्या दर्यावर्दींची ती आठवण आहे. ओडिशाने तरी आपलं वाक्य सोडलेलं नाही.

इतिहासाच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. यंदा ‘अशोकाने कलिंग जिंकलं’ हे वाक्य फळ्यावर लिहाल, तेव्हा त्याच्या खाली आणखी एक लिहा: ‘कलिंगच्या खारवेलाने मगधावर स्वारी केली.’ आणि भुवनेश्वरला सहल नेणार असाल, तर धौलीचा शिलालेख बघून परत फिरू नका. उदयगिरी त्याच शहराच्या दुसऱ्या अंगाला आहे.