भूपतींच्या गावी चोवीस तास

परदेशी निघालेल्या मराठी माणसाच्या सामानात लोणच्याची बरणी, मेतकुटाची पुडी आणि कानटोपी यांच्याखेरीज चौथा एक जिन्नस हटकून असतो, आणि तो म्हणजे आपल्या संस्कृतीचा अभिमान; विमानतळावर त्याचे वजन करीत नाहीत म्हणूनच केवळ तो सुखरूप पोहोचतो, एरवी त्याचे जादा भाडे भरता भरता पुष्कळ सधन कुटुंबे कफल्लक झाली असती. बोर्निओ बेटाच्या पूर्व भागात, महाकाम नदीच्या काठी वसलेल्या तेंगारोंग नावाच्या गावी मी निघालो तेव्हा कानटोपी घरी ठेवली, कारण ते गाव विषुववृत्ताच्या अगदी शेजारी आहे. अभिमान मात्र चांगला ठासून भरला. त्यास कारणही तसेच होते. इंडोनेशियातील सर्वांत जुने म्हणून जे शिलालेख मानले जातात ते याच नदीच्या खोऱ्यात सापडले, ते संस्कृत भाषेत आहेत आणि सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीचे आहेत, एवढे मी निघण्यापूर्वी वाचून ठेवले होते. तेव्हा तेथे जाणे हे परदेशगमन नसून पूर्वजांनी कधी काळी मिळवलेल्या एखाद्या इनामजमिनीची पाहणी आहे, अशा थाटात मी प्रस्थान ठेवले.

समारिंडा या प्रांतिक राजधानीपासून मोटारीने तासाभरात तेंगारोंग येते. कुताई कार्तानेगारा या विस्तीर्ण जिल्ह्याचे हे मुख्य ठाणे. जमिनीखाली कोळसा, तेल आणि वायू यांचे साठे असल्यामुळे हा जिल्हा इंडोनेशियातील श्रीमंत जिल्ह्यांत मोडतो. २८ सप्टेंबर १७८२ हा गावाचा स्थापनादिन मानतात; त्या वर्षी आजी मुहम्मद मुस्लिहुद्दीन या सुलतानाने आपली राजधानी येथे आणली आणि तिला ‘तांगा आरुंग’, म्हणजे राजाचे घर, असे नाव दिले, त्याचेच पुढे बोलता बोलता तेंगारोंग झाले. राजाचे घर आता वस्तुसंग्रहालय झाले आहे आणि गाव कचेऱ्यांचे. एका अंगाला चहात दूध अंमळ जास्त पडल्यासारख्या रंगाची रुंद, सुस्त नदी आणि दुसऱ्या अंगाला तितक्याच सुस्त दिसणाऱ्या सरकारी इमारती, अशा दोन काठांमधून तेथील लोकजीवन वाहते.

माझी उतरण्याची व्यवस्था एका स्नेह्यांच्या ओळखीने एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी झाली होती. त्यांना मी तेथील रिवाजाप्रमाणे ‘इबू’, म्हणजे आई, म्हणत असे आणि त्या मला ‘पाक’, म्हणजे बाबा, म्हणत. अशा रीतीने आम्ही दोघेही एकमेकांहून वडील झालो होतो. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एक पाटी होती. इबूंनी तिचा अर्थ सांगितला : “पाहुण्यांनी १ × २४ तासांत वर्दी देणे बंधनकारक आहे.” चोवीस तास असे सरळ न लिहिता एक गुणिले चोवीस असे का लिहिले असावे, या प्रश्नाने मला रात्री झोप लागू दिली नाही. एकाने गुणल्याने कोणतीही संख्या तिळभरही वाढत नाही, हे मी तिसऱ्या इयत्तेत छडी खाऊन शिकलो होतो. परंतु शेवटी असा निष्कर्ष निघाला की, नुसत्या चोवीस तासांना रयत भीक घालीत नाही, त्यामागे गणित उभे केले म्हणजे हुकुमाला वजन येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी इबूंनी आठवण केली, “पाक, वर्दी द्यायची राहिली आहे.” मी म्हटले, “देऊ की. आधी कचेरी पाहून येतो.” आपल्याच इनामजमिनीत शिरताना वर्दी कसली द्यायची, हा विचार मी मनातच ठेवला.

कचेरीसमोर उभा राहिलो आणि छाती दोन अंगुळे फुगली. जिल्ह्याच्या प्रमुखास तेथे ‘बुपाती’ म्हणतात. बुपाती म्हणजे आपला भूपतीच! आपल्याकडे हा शब्द आता कीर्तनकाराच्या तोंडी नाही तर एखाद्या टेनिसपटूच्या आडनावात उरला आहे; येथे मात्र भूपती अजून नोकरीवर हजर आहे, आणि २००५ पासून तर तो लोकांच्या थेट मतांनी निवडून येतो. त्याच्या उपप्रमुखाची पाटी ‘वाकिल बुपाती’ अशी. हा वकील काळा डगला घालून तारखा मागणारा नव्हे. पेशव्यांचा जो वकील दिल्लीदरबारी बसे, त्याच्या जातकुळीतला, धन्याच्या वतीने बोलणारा हा माणूस. हजेरीपटास तेथे ‘दाफ्तार हादिर’ म्हणतात. आपले दप्तर कचेरीतून निघून पोरांच्या पाठीवर जाऊन बसले आणि त्यांना पोक आणू लागले. तेथले अजून मेजावरच आहे. खजिनदारास ‘बेंदाहारा’ म्हणतात, त्यात आपले भांडारगृह बंद आहे. साक्षीदार तो ‘साक्सी’, दंड तो ‘देंदा’, आणि दंड न भरणाऱ्याची रवानगी जेथे होते ते ‘पेंजारा’, म्हणजे पंजर, म्हणजे आपला पिंजरा. प्रत्येक खात्याच्या प्रमुखास ‘केपाला’ म्हणतात. केपाला म्हणजे कपाल, आपले कपाळ. आपल्याकडे कचेरीत गेलेला मनुष्य कपाळावर हात मारीत बाहेर येतो. येथे कपाळ स्वतःच खुर्चीत बसलेले असते, आणि त्या खुर्चीलाही ‘कुर्सी’च म्हणतात.

या वैभवाने माझी दृष्टी इतकी अंधुक झाली की, पुढची पाटी वाचताना माझी फसगत झाली. जिल्ह्याच्या एका खात्याच्या नावात ‘बेंचाना’ हा शब्द दिसला. मी मनाशी व्युत्पत्ती लावली : बेंचाना म्हणजे वंचना, वंचना म्हणजे फसवणूक. सरकारात रयतेच्या वंचनेसाठी स्वतंत्र खाते असावे आणि ते इतक्या प्रांजळपणे दर्शनी भिंतीवर जाहीर करावे, या सत्यनिष्ठेपुढे माझे हात जोडले गेले. दारावरच्या खाकी गणवेशातील कारकुनास मी विचारले, “येथे रोज किती लोकांची वंचना होते?” तो सद्‌गृहस्थ गंभीर झाला आणि म्हणाला, “पावसाळ्यात जास्त. मुख्यतः पुराने.” आमचे वंचनेचे घोडे समुद्र ओलांडताना कोठे तरी वाट चुकले होते आणि त्या भाषेत ‘आपत्ती’ या अर्थाने उतरले होते, ते खाते आपत्तिनिवारणाचे होते. खर्चाला ते ‘बियाया’ म्हणतात, म्हणजे व्यय, तेथवर ठीक. परंतु ‘प्रिया’ म्हणजे पुरुष, हे ज्या प्रवाशास ठाऊक नाही त्याने सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या दोन दारांपुढे किती वेळ तिष्ठावे, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

भूपतींचे दर्शन घडले नाही. ते एका समारंभास गेले होते आणि केव्हा येतील यावर ‘बेलुम’ एवढेच उत्तर मिळाले. बेलुम म्हणजे ‘अजून नाही’. नाही म्हणणे त्या लोकांच्या जिवावर येते; लग्न झाले का, पाऊस पडला का, साहेब आले का, सर्वांस बेलुम. त्यांचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे खरे, पण त्यांच्याकडे ‘जाम कारेत’, म्हणजे रबरी वेळ, नावाची एक संस्था आहे, आणि तिच्या साहाय्याने दुपारपर्यंत ते अडीच तास मागे येऊन बरोबर आपल्या वेळेला मिळतात. मला तर घरच्यासारखे वाटू लागले.

तेथून मी मुलावर्मन संग्रहालयात गेलो. डच अमदानीत, १९३० नंतरच्या दशकात बांधलेला हा सुलतानांचा पांढराशुभ्र राजवाडा. त्या काळी गादीवर असलेल्या सुलतानाचे नाव होते परीकेसित, अर्थात परीक्षित. पाच वेळा नमाज पढणाऱ्या राजाला अभिमन्यूच्या मुलाचे नाव धारण करताना संकोच वाटला नाही आणि प्रजेलाही त्यात विशेष काही दिसले नाही. ज्यांच्यासाठी आलो ते शिलास्तंभ, म्हणजे यूप, आत उभे होते. नदीने वर गेले की मुआरा कामान म्हणून गाव लागते, तेथील हे यूप. आजवर एकूण सात सापडले. लिपी पल्लव, भाषा संस्कृत, राजाचे नाव मूलवर्मन्. याच्या बापाचे नाव अश्ववर्मन् आणि आजोबांचे नाव कुंडुंग. आजोबांच्या नावाला संस्कृताचा वाराही लागलेला नाही, हे पाहून मला फार आपलेपणा वाटला. धोंडिबाच्या नातवाचे नाव राजवर्धन ठेवण्याची चाल केवळ आपल्याकडची नव्हे आणि आजची तर मुळीच नव्हे.

या मूलवर्मन् राजाने ब्राह्मणांना वीस हजार गाई दान दिल्या, असे एका यूपावर कोरलेले आहे. भाविक मनुष्य येथे सद्‌गदित होईल. परंतु ज्याने आयुष्यभर सरकारी खर्डेघाशी केली त्याच्या मनात निराळ्याच शंका उभ्या राहतात. एवढी जनावरे मोजली कोणी? पावत्या घेतल्या काय? या दमट रानात त्यांच्या वैरणीची तजवीज कोणत्या खात्याने केली? आणि एवढ्या गाई दारात आल्यावर त्या ब्राह्मणांना वेदपठणास सवड तरी किती राहिली असेल? शंका बाजूला सारून मी पादत्राणे काढली आणि सोळाशे वर्षांना उद्देशून यूपापुढे वाकलो. चौकीदार अदबीने जवळ आला आणि म्हणाला, “पाक, या प्रतिकृती आहेत. मूळचे खांब जकार्ताच्या राष्ट्रीय संग्रहालयात असतात.” मी पादत्राणे पुन्हा घातली.

दान दिलेल्या वीस हजार गाईंपैकी एकीचाही वंशज मला गावात फिरताना आढळला नाही. गोवंशाची निशाणी म्हणून काय ती एक उरली आहे, आणि तिचे नाव ‘लेम्बुस्वाना’. लेम्बु म्हणजे गुरे. पण या गुराला हत्तीची सोंड आहे, गरुडाचे पंख आहेत, माशाचे खवले आहेत, कोंबड्याच्या आऱ्या आहेत आणि वर राजाचा मुकुट आहे. लग्नघरी सर्व मामा-काकांचे मानपान सांभाळावेत तसे समस्त प्राणिसृष्टीचे मानपान सांभाळून हे दैवत घडवले आहे. संग्रहालयापुढे ते आहेच, शिवाय नदीतील कुमाला नावाच्या बेटावर त्याचा प्रचंड पुतळा बसवला आहे. ते दूध किती देते, असे मी विचारले नाही. बेलुम असेच उत्तर मिळाले असते.

दुपारचे जेवण नदीकाठच्या एका खाणावळीत घेतले. ‘गेन्चे रुआन’ म्हणून तेथील पदार्थ आहे. रुआन म्हणजे आपला मरळ मासा. तो निखाऱ्यावर भाजून त्यावर तांबड्या मिरचीचा ठेचा असा थापतात, की कोल्हापूरकरानेही दोन घोट पाणी पिऊन मगच मत द्यावे. समोर नदीवरचा पूल दिसत होता. येथला पहिला पूल २६ नोव्हेंबर २०११ रोजी दुरुस्ती चालू असताना कोसळला आणि किमान २० माणसे गेली. आताचा कमानीचा पूल २०१५ मध्ये खुला झाला. खाणावळवाल्या बाईंनी हे सांगितले तेव्हा ताट वाढणारा त्यांचा हात क्षणभर थांबला, आणि मीही पुढचे काही विचारले नाही.

पुलाखालून कोळसा चालला होता. काळ्या टेकड्याच्या टेकड्या लादलेले अजस्र सपाट पडाव, आणि त्यांना दोरखंडाने ओढणारी एवढीशी टगबोट. ऐरावताच्या सोंडेला उंदराने दावे बांधून नेल्यासारखा तो देखावा तासाभरात चार वेळा दिसला. हा कोळसा समुद्राला लागतो आणि पुढे देशोदेशी जातो. त्याच्या मोठ्या गिऱ्हाइकांत आपला देश आहे. मी खाणावळीतल्या कागदावर जमाखर्च मांडून पाहिला. सोळाशे वर्षांपूर्वी आपल्याकडून शब्द गेले, आज त्यांच्याकडून कोळसा येतो. शब्दांची किंमत त्यांनी कधीच फेडून टाकली आहे; त्या शब्दांना आपले म्हणण्याचा अधिकार मला कोणत्या दस्तऐवजाने पोहोचतो, हे काही केल्या सापडेना.

घरी परतलो तो चोवीस तास भरायला थोडाच अवकाश उरला होता आणि इबू दारातच उभ्या होत्या. त्यांनी मला हाताला धरून आळीच्या प्रमुखाकडे नेले. सरकारदरबारी त्याचे मोठेसे नाव असले तरी प्रत्यक्षात तो ओट्यावर बसून केळ्यांची भजी खात होता. त्याने हात पुसले, भज्यांची बशी माझ्यापुढे सरकवली आणि मग नोंदवही उघडली. रकाने पाहताच माझा दिवसभर मार खाल्लेला अभिमान पुन्हा उसळला : पहिला रकाना ‘नामा’, दुसरा ‘नेगारा’, म्हणजे देश, तिसरा ‘आगामा’, म्हणजे धर्म. मी बोट ठेवून म्हणालो, “नाम, नगर, आगम! हे तिन्ही शब्द मूळचे आमचे!” त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि अत्यंत सौजन्याने उत्तर दिले, “असतील, पाक. त्यांच्या पुढे तुमचे लिहा.”

मी लिहिले. शेवटचा रकाना येण्याच्या हेतूचा होता. तेथे इनामजमिनीची पाहणी असे लिहिण्याचा धीर झाला नाही. इबूंनी सुचवलेला ‘तामू’ हा शब्द मी मुकाट्याने लिहिला. तामू म्हणजे पाहुणा. शब्द त्यांचा आहे, आणि माझे तेथील नाते त्याने चोख सांगितले.

तेंगारोंगला जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांना एकच सूचना करतो. पासपोर्टच्या दोन छायाप्रती जवळ बाळगाव्यात. पाटीवरचा गुणाकार एकाचा असला, तरी नोंदवहीला प्रती दोन लागतात.