गोळीवर गोळी

मयेला राहणाऱ्या माझ्या आत्याचे पाय सुजले. ब्लड प्रेशरसाठी अ‍ॅम्लोडिपिन सुरू होऊन महिना झाला होता. पाय दाखवले, तर पाणी उतरवायची गोळी मिळाली. ती घेतल्यावर थोड्याच दिवसांत चक्कर यायला लागली. चक्करसाठी सिनारिझिन मिळालं आणि ते महिनोन् महिने चालू राहिलं. मग तिचा उजवा हात थरथरू लागला. ती पाय घासत चालू लागली. हसरी बाई, पण चेहऱ्यावरची रेघ हलेना. कंपवात असावा, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा, असं सांगण्यात आलं. त्याआधीच एका सकाळी तुळशीला पाणी घालताना ती कोसळली.

इस्पितळात एका तरुण डॉक्टरणीने तिची औषधांची पिशवी खाटेवर उपडी केली आणि विचारलं, ‘यातली सगळ्यात पहिली गोळी कुठली?’

त्या प्रश्नाने गुंता सुटला. अ‍ॅम्लोडिपिनमुळे बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि त्यांतून पाणी पायाच्या मांसात झिरपतं. शरीरात पाणी जास्त झालेलं नसतं. म्हणून पाणी उतरवायच्या गोळीने ती सूज फारशी हटत नाही, मात्र रक्तातलं सोडियम लघवीवाटे निघून जातं. आत्याचं सोडियम खूप खाली गेलं होतं, चक्कर त्याची होती. आणि सिनारिझिन म्हाताऱ्या माणसांना फार दिवस दिलं तर हुबेहूब कंपवातासारखी लक्षणं दिसू शकतात, हे औषधशास्त्राच्या पुस्तकांत लिहिलेलं आहे. प्रेशरची गोळी बदलली, बाकीच्या दोन बंद केल्या. पाय पंधरवड्यात ओसरले. हात थांबायला मात्र पुढचे कित्येक महिने गेले.

म्हणजे तिला एकच आजार होता आणि ती चार आजारांवर उपचार घेणार होती. रोशॉन आणि गुरविट्झ या दोन डॉक्टरांनी 1997 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये या साखळीबद्दल लिहून ठेवलं आहे. एका औषधाचा दुष्परिणाम हा नवा रोग समजला जातो, त्यावर दुसरं औषध येतं, मग दुसऱ्यावर तिसरं. जगाला हे माहीत होऊन पाव शतक उलटलं. तरी पिशवी उपडी करणारा माणूस आत्याला पडल्यावर भेटला, आधी भेटला नाही, याचा राग माझ्या मनातून जात नाही.

राग स्वतःवरही आहे. दर चतुर्थीला मी तिच्याकडे जात होतो. हात थरथरताना पाहत होतो. विचारलं की ती म्हणायची, ‘पिराय जाली रे पुता.’ आणि डॉक्टरांना का सांगितलं नाहीस, तर म्हणे, ‘दोतराक कित्याक त्रास दिवचे?’ मी गप्प बसलो. वय झालं, हे उत्तर मला सोयीचं होतं.

गोव्यात हा प्रश्न घरोघरचा आहे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सगळ्या राज्यांत गोव्यात सर्वाधिक निघालं, 26.4 टक्के. चारांत एक प्रौढ माणूस. गोळ्यांचा डबा नाही असं घर पेडण्यात शोधून दाखवावं. आता ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी घ्या आणि वर एकादशी धरा. गोळीला उपवास कळत नाही, ती साखर उतरवतच राहते. घाम, थरथर, बडबड, मग शुद्ध हरपणं. शिरगावच्या जत्रेसाठी व्रत धरणाऱ्या कितीजणांना कुणी सांगितलं असेल की व्रताच्या दिवसांत जेवणाच्या वेळा बदलणार, तेव्हा आधी डॉक्टरांशी बोलून गोळीचा हिशेब बदलून घे? डिचोलीच्या खाणपट्ट्यात टिप्पर चालवणारा माणूस सर्दीची गोळी घेतो. तिच्यातल्या क्लोरफेनिरामिनने डोळ्यांवर झापड येते आणि मागे दहा टन माती असते. चिखलात भात लावणाऱ्या बाईला लेप्टोसाठी डॉक्सीसायक्लिन दिलं, तर ते भरपूर पाण्याबरोबर घ्यायचं, घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होऊ शकते, आणि उन्हाने अंग भाजल्यासारखं होऊ शकतं, हे गोळी देतानाच सांगायला हवं. एवढं सांगायला एक मिनिट लागतं. ते मिनिट वाचवण्याचा अधिकार कुणालाच नाही.

सगळ्यात घातक जोडी तर फार्मसीत चिठ्ठीशिवाय पूर्ण होते. प्रेशरसाठी रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन चालू, सोबत पाणी उतरवायची गोळी, आणि कंबर दुखली म्हणून वरून डायक्लोफिनॅक. ही तीन एकत्र आली की मूत्रपिंड कोलमडू शकतं. म्हाताऱ्या माणसाला जुलाब लागलेले असतील तर आणखी लवकर.

आणि आपलं सरकार? 10 मे 2021 आठवा. कोविडची दुसरी लाट, बांबोळीच्या इस्पितळात प्राणवायूअभावी माणसं मरत होती. त्या दिवशी आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी जाहीर केलं की अठरा वर्षांवरच्या प्रत्येक गोवेकराला, लक्षणं असोत नसोत, आयव्हरमेक्टिन 12 मिलिग्रॅम पाच दिवस दिलं जाईल. जागतिक आरोग्य संघटना तेव्हा सांगत होती की कोविडसाठी हे औषध चाचण्यांबाहेर वापरू नका. लोक घाबरलेले होते आणि सरकारला काहीतरी करायचं होतं, हे मला समजतं. पण रक्त पातळ करायचं वॉरफरिन कोण घेतं, यकृत कुणाचं खराब आहे, पोटात मूल कुणाच्या आहे, हे प्रत्येकाला विचारणार कोण होतं? अख्ख्या राज्याला एकच चिठ्ठी लिहायची कल्पना ज्या खात्याला सुचते, त्या खात्याला दुष्परिणाम ही गोष्ट मुळात दिसतच नाही.

औषधाच्या पाकिटात माहितीची चिठ्ठी सापडलीच तर ती इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरांत. 1987 च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा झाली, मराठीलाही कारभारात जागा मिळाली, आणि त्यावरून आपण आजतागायत भांडतो आहोत. कोलवाळ, पिळर्ण, वेर्ण्याच्या वसाहतींत औषधं बनतात, आपलीच मुलं शिफ्ट करतात. पण आपल्या आयांना वाचता येईल अशी चिठ्ठी द्या, यासाठी दोन्ही बाजूंपैकी कुणी मोर्चा काढल्याचं मला आठवत नाही. ऑगस्ट 2023 पासून तीनशे नामांकित औषधांवर क्यूआर कोड आला. तो स्कॅन केला की औषधाचं नाव, कंपनी, बॅच, मुदत, परवाना क्रमांक कळतो. पाय सुजतील का, हे कळत नाही.

त्रास झाला की आपण दोनच गोष्टी करतो, सोसतो किंवा गोळी फेकून देतो. फेकण्यातही जीव जातो. हृदयाची अटेनोलॉलसारखी गोळी, बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड, फिटची औषधं एका दिवसात थांबवली तर मूळ आजारापेक्षा वाईट गत होते. म्हणून फोन करा, विचारा, पर्याय मागा. बहुतेक गोळ्यांना पर्याय असतो. मात्र ओठ-चेहरा सुजला, श्वास अडकला, तोंडात फोड येऊन कातडी सुटू लागली, शौच डांबरासारखं काळं झालं किंवा डोळे पिवळे पडले, तर वाट पाहू नका, 108 लावा.

आणि कळवा. भारतात 2010 पासून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्याचं केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. फुकट फोन आहे, 1800-180-3024. रुग्णाने स्वतः भरायचा फॉर्म आहे आणि तो मराठीतही आहे. डॉक्टरांची सही लागत नाही. कुणावर आरोप होत नाही. अशा नोंदी जमतात तेव्हा औषधावर नवी सूचना छापली जाते किंवा ते बाजारातून उठतं. हा नंबर मी कितीतरी शिकलेल्या माणसांना विचारला, एकालाही माहीत नव्हता. प्रत्येक फार्मसीच्या काचेवर तो हाताएवढ्या आकड्यांत लिहायला किती खर्च येईल?

तुयेच्या नव्या हॉस्पिटलसाठी पेडणेकर रस्त्यावर उतरले, ते योग्यच केलं. पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून पणजी, तिथून बांबोळी, असा कदंबाचा प्रवास आजारी माणसाने का करावा? फक्त मागणीत एक ओळ वाढवा. तुये, कासारवर्णे, डिचोली, साखळी, प्रत्येक ठिकाणी आठवड्यातून एक सकाळ पिशवी तपासणीची ठेवा. घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन या, आयुर्वेदिक काढे आणि शेजारणीने दिलेल्या गोळ्यांसकट. पणजीच्या फार्मसी कॉलेजातली मुलं बसवा, वर एक डॉक्टर द्या. यंत्र लागत नाही. एक टेबल आणि दोन खुर्च्या लागतात.

गेल्या रविवारी आत्याच्या सोप्यावर बसून आम्ही तो मराठी फॉर्म भरला. काय त्रास झाला, या रकान्याशी ती थांबली. म्हणाली, ‘सगळें सांगूं?’ मी म्हटलं, ‘सगळें.’ तिने पायांपासून सुरुवात केली. रकाना भरला, मी पाठकोऱ्या कागदावर लिहीत गेलो, आणि ती सांगतच होती.