प्रस्तुत संशोधक

आमची शाळा द्विशिक्षकी. एक शिक्षक मी, दुसरे ‘प्रस्तुत संशोधक’. गुरुजींना खरे नाव आहे, पगारपत्रकावर ते छापूनही येते. पण गेल्या बारा वर्षांत त्यांनी कागदावर स्वतःला ‘मी’ म्हटल्याचे कोणी पाहिलेले नाही. ही सवय आता लेखणीवरून जिभेवर उतरली आहे. पोषण आहाराची खिचडी करपली, की ते मावशींना विचारतात, “प्रस्तुत समस्येची संभाव्य कारणे कोणती?”

“लाकडं वली हायती,” मावशी म्हणतात.

गुरुजी वहीत लिहितात : परिकल्पना क्रमांक एक.

वर्षाला एक कृतिसंशोधन आणि नवोपक्रम स्पर्धेला एक अहवाल, हे व्रत त्यांनी कधी मोडले नाही. टंकलेखन तालुक्याला. तिथल्या संगणकवाल्याकडे साऱ्या तालुक्याची संशोधने एकाच फोल्डरात नांदतात. त्यामुळे एका वर्षी ‘व्याप्ती’ या मथळ्याखाली आमची शाळा चक्क नदीकाठी वसली. आमच्या गावाला नदी नाही, टँकर आहे. पण स्पायरल बाइंडिंग झाले होते. गुरुजी म्हणाले, “राहू द्या. वाचतंय कोण?” संशोधनाविषयी त्यांच्या तोंडून निघालेले हे एकमेव संदर्भरहित विधान.

एरवी त्यांचे प्रत्येक वाक्य ‘कोरे म्हणतात’ इथून सुरू होते. हे कोरे वारणेकडचे असावेत, असे मला बरेच दिवस वाटायचे. पुढे कळले, ते अमेरिकेतले स्टीफन कोरे, कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातले. आपल्या वर्गातला प्रश्न शिक्षकाने स्वतःच हाती घ्यावा, उपाय करून पाहावा, फरक पडला का ते तपासावे, असे त्यांनी १९५३ च्या पुस्तकात मांडले. बियाणे बदलून पाहणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला पटेल अशी साधी गोष्ट. गुरुजींनाही ती पटली आहे. ती साधी आहे, एवढेच पटत नाही.

गेल्या वर्षीचा विषय होता हातच्याची वजाबाकी. तिसरीचा पट सात, म्हणून न्यादर्श सात. पूर्वचाचणी झाली, दिवाळी झाली आणि तीन न्यादर्श आईबापांबरोबर ऊसतोडीला गेले. उरलेल्या चौघांवर गुरुजींनी टी-परीक्षा लावली. सारणीतले मूल्य ३.१८, गुरुजींचे आले ३.४१. शून्य परिकल्पनेचा त्याग झाला. त्या आनंदात त्यांनी मला पेढा दिला. गेलेल्या तिघांना ‘मर्यादा’ या मथळ्याखाली दीड ओळ दिली.

पण ते चौघे वजाबाकी शिकले, हे खरे. कसे शिकले, ते मी शेजारच्या वर्गातून ऐकले आहे.

आजीजवळ राहिलेला एक पोरगा बावन्नातून सतरा काढताना रोज अडायचा. दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढून मोकळा व्हायचा. गुरुजींनी दोन दिवस काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवले, मण्यांच्या माळा तोडल्या. तिसऱ्या दिवशी खडू ठेवून म्हणाले, “हे बघ, एकक म्हणजे तुझा बाप. दशक म्हणजे मुकादम. बापाकडं दोनच हायेत, द्यायचेत सात. काय करील?”

“उचल घील.”

“घेतली. एक दशक घेतला. बापाकडं किती झाले?”

“बारा. पण फेडायची कधी?”

“गणितात फेडत नसतात. मुकादमाच्या पाचाचे चार झाले, संपलं.”

“मुकादमाचंच कमी व्हतंय व्हय?”

पोरगा इतका हरखला, की त्याने तिथेच अकरा गणिते सोडवली. दर गणितात मुकादमाचे एक कमी करताना तो खुदकन हसत होता.

अहवालात याचे असे झाले : ‘परिसरस्थ ऋणव्यवहारविषयक पूर्वज्ञानाच्या उपयोजनाद्वारे स्थानिक किंमत या संकल्पनेचे दृढीकरण.’

मी विचारले, “सर, पोराचं ते वाक्य कुठंय?”

गुरुजी खरोखरच विचारात पडले. अनुक्रमणिकेवरून बोट फिरवत म्हणाले, “बसतं कुठल्या प्रकरणात?”

मार्चमध्ये केंद्राच्या शिक्षण परिषदेत त्यांनी हा अहवाल वाचला. प्रोजेक्टरसाठी खिडक्यांना सतरंज्या लावलेल्या. प्रकरण तिसरे येईपर्यंत पन्नासेक शिक्षक आपापल्या मोबाइलात विसावले होते. तेवढ्यात वीज गेली. अंधारात वाचता येईना आणि माइकही बंद, म्हणून गुरुजी नुसतेच बोलू लागले. “मी त्या पोराला म्हणालो…”

मुकादमाचे कमी झाले तिथे हशा पिकला. मागच्या बाईंनी विचारले, “सर, पाचशे दोनमधून सतरा काढायचे असले तर? दशकात शून्य. मुकादमाचाच हात रिकामा!”

“मग मुकादम कारखान्याकडनं उचल आणतो,” गुरुजी तत्क्षणी म्हणाले. “शतक म्हणजे कारखाना.”

“अरे वा!” कोणीतरी मोठ्याने म्हणाले. दोघाचौघांनी अंधारातच लिहून घेतले. हे उत्तर अहवालाच्या बासष्ट पानांत कुठेच नव्हते.

मग वीज आली. गुरुजींनी चष्मा लावला, पान शोधले, घसा साफ केला. “तर, प्रस्तुत संशोधकास असे आढळून आले, की…”

पन्नास मोबाइल पुन्हा बाहेर निघाले.